आधी ब्रेक, मग ताकद



डेट्रॉइटजवळ माझ्या गॅरेजमध्ये १९६७ची फोर्ड मस्टँग आहे. तिच्या ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनावर मी घरीच सुपरचार्जर बसवला. क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. जादा हवेला जादा पेट्रोल लागतं. ते कमी पडलं, तर इंजिन ठोकू लागतं, पिस्टनला भोकही पडतं. म्हणून कॉम्प्रेशन उतरवलं, मोठा रेडिएटर घातला. पण या सगळ्याआधी पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले. शेजारच्या सीटवर लेक बसते ना!

सर, आपण शिकवलं होतं, वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ती जिरवायची ब्रेकनीच. वर्गातलं ते समीकरण आज माझ्या लेकीला सांभाळतंय.