मनीची सात घरं

आमची मनी नेवाशाची, पक्की मानी. हाक मारली की नुसता कान हलवते. पेढा हुंगून सोडते, कारण मांजरांना गोड चव कळतच नाही. सायीवर मात्र तुटून पडते.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना? हिचं पहिलं घर कणगीमागे, दुसरं माळ्यावर, तिसरं थेट माझ्या कपाटात! हीच खोड उसातल्या वाघाटीची. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ही, जेमतेम दीड किलोची. ऊसतोडीत तिची पिल्लं दिसली की लोक बिबट्याची समजतात, नाहीतर पाळायला घरी नेतात. अहो, आई आसपासच असते! पिल्लाला हात लावू नका, वनविभागाला १९२६ वर फोन करा. अंधार पडला की ती बहुधा न्यायला येते, एकेक करून, मानगुटीला धरून.