सोललेल्या कागदातला इतिहास

कोलाज म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकी चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड मात्र आधी कागदाचे थर चढवतात आणि मग तेच ओरबाडून काढतात. 1961 साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले ब्रॅडफर्ड आईच्या ब्यूटी पार्लरमध्ये काम करत. केस कुरळे करताना लागणारे पातळ, चिमुकले कागद हेच त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांचं साहित्य झालं.

नोव्हेंबर 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात त्यांचं ‘पिकेट्स चार्ज’ हे एकल प्रदर्शन सुरू झालं. 1863 मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेचा ‘पिकेट्स चार्ज’ नावाचा निर्णायक हल्ला फसला. फ्रेंच चित्रकार पॉल फिलिपोतो यांनी 1880 च्या दशकात त्याचं प्रचंड वर्तुळाकार चित्र रंगवलं. ब्रॅडफर्ड यांनी त्याच चित्राच्या मोठाल्या प्रती छापून घेतल्या, रंगीत कागदांचे थर दिले, मधे दोर पुरले. मग दोर खेचले, कागद सोलले. कुठे माणसं-घोडे ओळखू येतात, कुठे उरतात नुसत्या आडव्या चिरा. अशी आठ चित्रं, प्रत्येक 45 फुटांहून लांब, गोलाकार दालनात लागली.

युद्धाची गोष्ट कुणी सांगितली आणि कुणाची झाकली गेली, हा प्रश्न एक कृष्णवर्णीय चित्रकार इथे थेट विचारतो. कोलाज केवळ शाळेतल्या हस्तकलेच्या तासापुरतं नाही. इतिहास तपासून पाहण्याचं ते समर्थ साधन आहे.