लस कोणाची, खर्च कोणाचा?



ब-प्रकारच्या काविळीचा विषाणू माणसाखेरीज खात्रीने वाढतो तो चिंपांझीच्या शरीरात. उंदीर, ससे येथे निरुपयोगी ठरले. म्हणून १९७० नंतरच्या दशकात या लसीची पारख चिंपांझीवर होऊ लागली. त्याआधी काय घडत होते, हेही विसरता कामा नये. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना दूषित रक्तद्रव उकळून टोचण्यात आला व मागाहून त्यांच्या शरीरात जिवंत विषाणू सोडण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. प्राण्यांवरील चाचण्यांना सरसकट क्रौर्य म्हणणाऱ्यांनी या मुलांचे स्मरण ठेवावे.

तथापि प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. १९७४ साली न्यूयॉर्क ब्लड सेंटरने आपली प्रयोगशाळा थाटली ती पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात. चिंपांझी त्याच भागातील अरण्यांतले. कच्चा माल आफ्रिकेतून उचलावा आणि पक्का माल श्रीमंतांच्या बाजारात विकावा, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. १९८१ साली अमेरिकेत लसीला परवाना मिळाला, तेव्हा तीन मात्रांची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. रोगाचा खरा विळखा आफ्रिकेला व आशियाला. तेथील गरिबाला ही लस दुर्लभच होती. पुढे भाव उतरले ते स्पर्धेमुळे व मोठ्या सार्वजनिक खरेदीमुळे. त्या खटपटीत प्रयोगशाळेचे संस्थापक आल्फ्रेड प्रिन्स यांचाही वाटा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली स्वस्त लस आणली. देशभरच्या सरकारी लसीकरणात तिचा समावेश व्हायला मात्र २०११ साल उजाडले.

आणि चिंपांझी? चाचण्या थांबल्यावर त्यांना नदीतील बेटांवर ठेवण्यात आले. तेथे पुरेसे अन्न नाही, पिण्याजोगे पाणी नाही. दोन्ही माणसांनी पुरवावे लागते. २०१५ साली, लायबेरिया एबोलाच्या साथीशी झुंजत असताना, ब्लड सेंटरने हा खर्च बंद केला. आपण कराराने बांधील नाही, असे त्याचे म्हणणे. अर्थशास्त्रात अशा खर्चाला बाह्य खर्च म्हणतात. तो ताळेबंदात दिसत नाही, कोणाच्या तरी माथी मात्र बसतो. येथे तो प्रथम बसला तेथील लायबेरियन कामगारांच्या माथी, ज्यांनी साठांहून अधिक चिंपांझींना अन्न पोहोचविणे सोडले नाही. पुढे अमेरिकेतील एका प्राणिरक्षक संस्थेने भार उचलला. तिच्याशी तडजोड होऊन ब्लड सेंटरने साठ लाख डॉलर देण्याचे मान्य केले, ते २०१७ साली.