ऐच्छिक पुनर्विमा : मोठ्या जोखमीची वाटणी



संकट वाटून घेतले की त्याचा भार हलका होतो, हा व्यवहार फार जुना आहे. १३७० साली जेनोआहून स्लुइस बंदराकडे जाणाऱ्या मालाचा विमा उतरविणाऱ्याने कादिझपासून पुढील, अधिक धोक्याच्या सागरी प्रवासाची जोखीम दुसऱ्यावर सोपविली. पुनर्विम्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते.

पुनर्विमा म्हणजे विमा कंपनीने आपल्या शिरावरील जोखमीचा पुन्हा उतरविलेला विमा. त्याचे दोन प्रकार आहेत. करारान्वये होणाऱ्या पुनर्विम्यात ठरलेल्या मर्यादेतील प्रत्येक जोखीम आपोआप वाटली जाते. ऐच्छिक पुनर्विम्यात मात्र एकेका जोखमीचा स्वतंत्र विचार होतो. ती देऊ करण्याचे वा न करण्याचे स्वातंत्र्य कंपनीस, तर स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य पुनर्विमेकऱ्यास असते.

समजा, एखाद्या सूतगिरणीचा शंभर कोटी रुपयांचा आगीचा विमा आहे. कंपनी दहा कोटी स्वतःकडे ठेवते, साठ कोटी करारात सामावतात आणि उरलेल्या तीस कोटींसाठी ऐच्छिक पुनर्विमा घेतला जातो. पुनर्विमेकऱ्यास हप्त्याचा तेवढाच वाटा, दलाली वजा जाता, मिळतो. पुढे आगीत वीस कोटींची हानी झाली, तर भरपाईचा भार अनुक्रमे दोन, बारा व सहा कोटी असा विभागला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. गिरणीचा करार केवळ मूळ कंपनीशी असतो. पुनर्विमेकऱ्याने पैसे दिले नाहीत, या सबबीवर कंपनीस भरपाई नाकारता येत नाही. म्हणूनच जोखीम पत्करण्यापूर्वीच ऐच्छिक वाटे निश्चित करणे हे दक्ष कंपनीचे कर्तव्य ठरते. विलंब झाला, तर तीस कोटींचा भार तिच्यावरच पडतो.

भारतात या व्यवहाराचे प्रमुख केंद्र मुंबई होय. १९७२ साली स्थापन झालेल्या भारतीय साधारण विमा निगमास २००० साली राष्ट्रीय पुनर्विमेकऱ्याचा दर्जा मिळाला. आता परदेशी पुनर्विमेकऱ्यांच्या शाखाही येथे कार्य करतात.

पुनर्विमेकरी गिरणी क्वचितच प्रत्यक्ष पाहतो. त्याचा निर्णय पाहणी-अहवालावर व प्रस्तावातील माहितीवर अवलंबून असतो. कापसाचा साठा, वीजजोडणी, पाण्याची सोय, पूर्वीच्या आगी यांविषयी सत्य दडविल्यास सारी साखळीच कमकुवत होते. सहकारी व सार्वजनिक संस्थांच्या चालकांनी प्रस्तावावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नोंद पडताळून पाहावी. संकटकाळी मिळणाऱ्या आधाराचा पाया तेथेच घातला जातो.