ऐकणाऱ्याच्या तोंडी राहील ते भाषण



पुढच्या नृत्याची मंडळी मेकअप करून विंगेत ताटकळलीत, हे मला इथून दिसतंय. तेव्हा थोडक्यात बोलतो. वक्तृत्व स्पर्धेतल्या विजेत्यांचं अभिनंदन! बोलणार आहे तेही त्यांच्याच कलेविषयी.

वक्तृत्व म्हटलं की आपल्याला शिवाजी पार्क आठवतं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आठवतात, आचार्य अत्रे आठवतात. अत्रे विरोधकाची अशी खिल्ली उडवत की माणसं हसता हसता चळवळीची होऊन जात. मी मात्र तुम्हाला उलट दिशेला, विरारहून डहाणूच्या गाडीनं नेणार आहे.

आजच्या तलासरी तालुक्यातलं झरी गाव. २३ मे १९४५. हजारो वारली जमले होते. लग्नापुरत्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांचा तो मुलूख. पुढारी होत्या गोदावरी परुळेकर. पुण्यात वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर. भारदस्त शब्दांची त्यांना काय कमी? पण सभेत ठरलं ते किती सोपं होतं पाहा. वेठ करायची नाही. रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतात राबायचं नाही. कुणी अंगावर आला तर मार खाऊन घ्यायचा नाही. आणि एकी मोडायची नाही.

अक्षरओळख नसलेला माणूसही हे घरी जाऊन जसंच्या तसं सांगू शकत होता. लाल बावट्याबरोबर ते पाड्यापाड्यावर पोचलं आणि वेठीचा कणा मोडला.

आज सभेतला एखादा टोमणा रात्रीपर्यंत प्रत्येक मोबाइलवर फिरतो. तो लक्षात राहतो, करमणूकही होते. पण ऐकणाऱ्यानं सकाळी उठून करायचं काय, ते त्यात नसतं.

तुमच्यापैकी सगळेच आमदार होणार नाहीत. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या प्रश्नावर बोलायची वेळ विरारमध्ये कुणावरही येईल! तेव्हा आधी शेजाऱ्यांचं ऐका. मग सांगा : पाणी किती दिवसांआड येतं, अर्ज कुणाकडे द्यायचा, उद्या कोण कोण येणार. बोलून झाल्यावर टाळ्या मोजू नका. शेवटच्या रांगेतल्या एखाद्या आजींना विचारा, 'मी काय म्हणालो?' त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं, तर तुम्ही वक्ते झालात.