पाचवा कोण?

माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात, राजधानी रॉलीच्या जवळ कॅरी नावाच्या गावात राहते. तिथे आपल्याकडची मंडळी इतकी आहेत की, संध्याकाळी फिरायला निघावे तर एखादा तरी 'काका, कधी आलात?' असे मराठीतून विचारतो. आमच्या गप्पा भाज्यांचे भाव, गुडघे आणि व्हिसा यांच्यापलीकडे फारशा जात नाहीत. पण त्या भागातली खरी बोलभाषा वेगळीच आहे, ती म्हणजे कॉलेजचे बास्केटबॉल.

श्रोत्यांपैकी काहींना वाटेल, कॉलेजच्या पोरांच्या खेळाचे एवढे काय? सांगतो. चॅपल हिल येथे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ आहे. मायकेल जॉर्डन इथलाच. १९८२ च्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाला असताना त्याने जो विजयी फटका मारला, त्याची गोष्ट तिथे अजून काल घडल्यासारखी सांगतात. तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर ड्यूक विद्यापीठ, कट्टर प्रतिस्पर्धी. एका घरात दोन्हीकडचे पदवीधर असले तर मार्च महिन्यात जेवणाच्या टेबलावर शांतता असते.

मी बत्तीस वर्षे एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवले. त्यामुळे नातवाचे आणि माझे या एका विषयावर जमते. मोसम संपला की आम्ही पुढच्या मोसमात पहिल्या पाचात कोण असणार, हे कागदावर मांडतो. माझी मुलगी याला 'पत्रिका मांडणे' म्हणते. तसे ते आहेही थोडेसे. फक्त इथले ग्रह दर उन्हाळ्यात घर बदलतात.

पूर्वी हे काम सोपे होते. मुलगा चार वर्षे खेळायचा, पदवी घेऊन जायचा आणि खालच्या वर्गातला वर सरकायचा. मग एनबीएने २००६ च्या निवडीपासून वयाची अट बदलली. शाळा संपवून एक वर्ष झाल्याखेरीज तिथे प्रवेश नाही, असे ठरले. मग चांगली पोरे कॉलेजात एकच वर्ष काढून जाऊ लागली. केंटकीने २०१२ चे विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांच्या पहिल्या पाचात तिघे पहिल्या वर्षाचे होते. २०१८ मध्ये दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामाईक नोंद सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलले तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली, आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवायला परवानगी मिळाली. २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदला, आणि २०२५ पासून तर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. आता सांगा, पत्रिका कशी मांडायची?

पण मला सांगायची आहे ती २०२२ ची पत्रिका, कारण ती मी सगळ्यात सोपी समजलो होतो.

त्या वर्षी मार्चअखेरीस मी तिकडे पोचलो. एप्रिलच्या २ तारखेला न्यू ऑर्लीन्सला नॉर्थ कॅरोलिनाने ड्यूकला ८१-७७ असे हरवले. ड्यूकचे विख्यात प्रशिक्षक शिशेव्स्की यांचा तो शेवटचा सामना. कॅरीत आमच्या गल्लीत रात्री मोटारींचे भोंगे वाजत होते. दोन दिवसांनी कॅन्ससविरुद्ध अंतिम सामना. मध्यंतराला आम्ही ४०-२५ असे पुढे. ('आम्ही' म्हणायला मला दहा दिवस पुरले!) आणि शेवटी ७२-६९ असे हरलो. नातू तेव्हा आठवीत. तो उशी तोंडावर घेऊन पडला तो सकाळीच उठला.

जूनमध्ये आम्ही कागद घेतला. पाचातले चौघे परत येणार होते. बास्केटखाली अरमांडो बेकॉट, ज्याने त्या मोसमात एकतीस सामन्यांत गुण आणि रिबाउंड दोन्ही दहा किंवा त्याहून वर नेऊन डेव्हिड रॉबिन्सनच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. आर. जे. डेव्हिस आणि केलेब लव्ह हे दोन गार्ड. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक माणूस अडवणारा लीकी ब्लॅक, जो कोविडमुळे मिळालेले जादा वर्ष वापरणार होता. गेला तो फक्त ब्रेडी मॅनेक. लांब दाढीचा, ओक्लाहोमात चार वर्षे काढून एकाच मोसमासाठी आलेला. मोसमाच्या सुरुवातीला पहिल्या पाचात त्याची जागा पक्कीही नव्हती. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून पीट नान्स येत होता, ज्याचे वडील आणि भाऊ दोघेही एनबीएत खेळलेले. मी पाच नावे लिहिली, खाली रेघ मारली आणि म्हणालो, "झालं. चार गडी तेच, पाचवा घराण्याचा. यंदा कप आपला."

नातू रेघेकडे बघत राहिला. म्हणाला, "आजोबा, मॅनेक उभा कुठे राहायचा, ते तुम्ही बघितलंत?"

"अरे, कुठे राहायचा म्हणजे? बाहेर. तीन गुणांच्या रेषेपाशी."

"हो ना. म्हणून त्याचा माणूसही बाहेर यायचा. म्हणून बेकॉटला आत जागा मिळायची. नान्स चांगला आहे, पण त्याला आत खेळायला आवडतं."

मॅनेक बाहेरून शंभरातले चाळीस फटके टाकत होता, हे मला ठाऊक होते. पण हातात चेंडू नसतानाही तो संघासाठी काही करत होता, हे आठवीतल्या पोराने सांगावे? मी म्हणालो, "बाळा, बत्तीस वर्षं मी हेच केलंय." आणि विषय मिटवला.

ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेसच्या मतदानात नॉर्थ कॅरोलिना देशात पहिला आला. म्हणजे जाणकारांची पत्रिकाही माझ्यासारखीच होती. तोवर मी इकडे परतलो होतो. पहाटे साडेपाचला उठून सामने बघायचो. पहिल्या पाचात तेच पाचजण. माझे एकही नाव चुकले नाही. आणि संघ मात्र हरत होता. अलाबामाविरुद्ध चार जादा डाव खेळून १०३-१०१ असा हरला. बेकॉटभोवती दोन-दोन, तीन-तीन माणसे गोळा व्हायची. बाहेरून मारलेले फटके रिंगवर आपटून परत यायचे. लव्ह अवघड फटके घ्यायचा, कारण सोपे मिळतच नव्हते. नान्सला दोष द्यावा असेही नाही. डिसेंबरमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरी साधणारा फटका त्याचाच. वीस विजय, तेरा पराभव आणि मार्चमध्ये अडुसष्ट संघांच्या स्पर्धेत नाव नाही. १९८५ मध्ये स्पर्धा चौसष्ट संघांची झाल्यापासून मोसमाआधी पहिला ठरलेला संघ बाहेर राहिला, तो हाच पहिला.

पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक. लव्ह आधी मिशिगनला जातो म्हणाला, मग ॲरिझोनाला गेला आणि तिथे पॅक-१२ या गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इकडे स्टॅनफर्डहून हॅरिसन इंग्रम आणि नोत्र दामहून कॉरमॅक रायन आले. डेव्हिसला हात मोकळे मिळाले आणि तो त्याच्या गटाचा, एसीसीचा सर्वोत्तम ठरला. २८ मार्च २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये एकाच मैदानावर, एकाच संध्याकाळी दोन्ही संघ खेळले. दोघे जिंकले असते तर एकमेकांसमोर आले असते. दोघेही हरले. नातवाने मला फोनवर एवढेच सांगितले, "बरं झालं आजोबा, मला कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते कळलं नसतं."

मला मात्र त्या २०२३ च्या मार्चपासून दुसरेच काही छळत होते.

खूप वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचा संघ झोनलच्या अंतिम फेरीत हरला होता. पुढच्या वर्षी चौघे तेच होते. पाचवा एक किरकोळ मुलगा, गुण फारसे न करणारा. त्याच सुमारास दुसऱ्या गावाहून एक उंच, देखणा खेळणारा मुलगा आमच्याकडे दाखल झाला. मी पहिल्या मुलाला बाकावर बसवले. कारणही सांगितले नाही. सांगायचे असते, हेच तेव्हा कळत नव्हते. तो महिनाभर वेळेवर आला, चेंडू उचलून दिले, पाण्याची बादली भरली. मग यायचा थांबला. त्या वर्षी आम्ही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडलो. मी दोष दिला डांबरी कोर्टला, पंचांना आणि उन्हाला.

परवा माळ्यावरून जुनी स्कोअरबुके काढली. पाने पिवळी पडली आहेत, पण पेन्सिल शाबूत आहे. त्याचे नाव सापडले. गुणांच्या रकान्यात दोन, शून्य, चार, दोन. आमच्या वहीत त्याखेरीज एकच रकाना असे, फाऊलचा. तिथे त्याच्या नावापुढे प्रत्येक सामन्यात चार. पाचवा कधीच नाही. म्हणजे प्रत्येक वेळी समोरच्या सर्वांत भारी गड्याला अंगावर घेऊन तो शेवटच्या शिट्टीपर्यंत कोर्टवर टिकला होता.

त्या पानाचा फोटो काढून मी नातवाला पाठवला. त्याचे उत्तर आले, "आजोबा, हा कोण? याला पहिल्या पाचात घ्या."