घरकुल झालं, पण उताऱ्यावर नाव कुणाचं?



घरकुलाची यादी लागली की गावात एकच विचारणा सुरू होते. हप्ता जमा झाला का? वाळू कुठून आणायची? आज मी एक वेगळा प्रश्न विचारते. हे घर नावावर कुणाच्या लागतं?

इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण आली. सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये अनुदान त्यात ठरलं. त्याला संडासासाठी 12 हजार रुपये आणि रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांच्या मजुरीची जोड दिली. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचं हवं. स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली आहे.

आणि नियम सांगतो, घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर करायचं. विधुर, अविवाहित किंवा विभक्त पुरुष असेल तर त्याच्या एकट्याच्या नावावर.

पण मंजुरीपत्रावर नाव आलं की आपण निर्धास्त होतो. जागा पुष्कळदा सासऱ्यांच्या नावावर असते. घर उभं राहतं, रंग लागतो आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर जुनंच नाव राहतं. पुढे नवरा वारला किंवा भाऊबंदकी उठली, की जिनं डोक्यावर विटा वाहिल्या तिलाच ऐकावं लागतं, "तुझं काय आहे इथं?"

म्हणून तीन ठिकाणी नाव बघा.

पहिलं, यादीत. पात्र कुटुंबांची नावं ग्रामसभेत तपासली जातात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं गटानं मिळून जा. एखादी एकटी बाई, एखादं पालावरचं कुटुंब सुटलं असेल तर त्यांचं नाव तिथंच मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरं, बँकेत. बांधकाम पुढे सरकेल तसा हप्ता थेट खात्यावर येतो. ते खातं तुमचं असू द्या. पासबुक भरून आणा, वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या.

तिसरं, नमुना 8 वर. घर पूर्ण झालं की ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जागा सासऱ्यांची असेल, तर बांधकामाआधीच घरात बसून बोला आणि त्यांची संमती लेखी घ्या. नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, तो जमिनीचं खरेदीखत होत नाही. तरी त्यावर नाव असलं की बाईच्या बोलण्याला कागदाचा आधार मिळतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा उतारा घेऊन या. हप्त्याचा हिशेब झाला की उतारे एकामागून एक मोठ्यानं वाचा. जिचं नाव त्यात नसेल, तिचा अर्ज त्याच बैठकीत लिहा आणि द्यायला चौघी-पाचजणी मिळून जा.